पहिल्या रांगेचे एकोणचाळीस इंच

इझोबेल गॉल्ट यांचे पत्र मला गेल्या नोव्हेंबरच्या अकरा तारखेला मिळाले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. पत्र हरवले नव्हते. ते मी एका जाड शब्दकोशात ठेवले होते आणि कोणत्या पानाशी ठेवले आहे हेही मला ठाऊक होते. दर रविवारी चर्चमधून आल्यावर मी तो कोश कपाटातून काढायचो, न उघडता थोडा वेळ मांडीवर धरायचो आणि परत जागेवर ठेवायचो. असे साडेपाच महिने गेले.

पत्र निळ्या शाईत होते, अक्षर शाळेतल्या बाईंचे असावे तसे.

“प्रिय ॲनेटसाहेब, ‘मोकळे पाय’मधली तुमची तुलना आम्ही दोघी बहिणींनी तीनदा वाचली. माझी धाकटी बहीण नेटा हिचा डावा गुडघा एकतीस वर्षांपूर्वी ऑपरेशन करून कायमचा सरळ केला आहे. तो वाकत नाही. तेव्हापासून ती विमानात बसलेली नाही. आमचा थोरला भाऊ सॅम्युएल कॅनडात हॅमिल्टनला असतो. येत्या मे महिन्यात त्याला नव्वद पूर्ण होतील. त्याला आता प्रवास झेपत नाही, म्हणून आम्हीच जावं असं वाटतं. तिघं एका टेबलाशी बसून जेवलो त्याला एकतीस वर्षं झाली. हिरव्या शेपटीच्या विमानातली पहिली रांग सर्वांत मोकळी, असं तुम्ही लिहिलं आहे. नेटाचा पाय कंबरेच्या मागून टाचेपर्यंत बुटासकट बेचाळीस इंच भरतो. तुम्ही स्वतः त्या रांगेत बसलात तेव्हा पाय पुढे पूर्ण पसरता आला का, एवढं कृपा करून कळवावं. मला ऐकू कमी येतं, फोनवर फजिती होते, म्हणून पत्रच लिहावं.”

तुम्ही स्वतः त्या रांगेत बसलात तेव्हा. या सहा शब्दांपाशी मी अडलो होतो.

मी त्या रांगेत बसलो नव्हतो. मी ज्यांच्याबद्दल लिहिले त्या विमानांतल्या कुठल्याच रांगेत बसलो नव्हतो. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात मी दोनदा विमानात चढलो, एकदा बेलफास्टहून लिव्हरपूलला आणि एकदा परत, पाऊण तासाचा प्रवास, आणि तो मी डोळे मिटून केला. अटलांटिक मी फक्त आमच्या गावच्या बाजूच्या डोंगरावरून पाहिला आहे असे म्हणावे, तर तेही खरे नाही. तिथून दिसतो तो आयरिश समुद्र.

आमच्या गावात दोनच उद्योग आहेत, कोळंबीच्या बोटी आणि विमानाच्या खुर्च्यांचा कारखाना. एका घरातला एक भाऊ जाळी ओढतो, दुसरा खुर्च्यांना कापड शिवतो. मला दोन्ही जमले नाही. खुर्चीबरोबर जी पुस्तिका जाते, कोणता स्क्रू किती आवळायचा, कोणती पट्टी कुठे बसते, ती पुस्तिका मी एकोणतीस वर्षे लिहीत होतो. निवृत्त झाल्यावर न्यूरीच्या डिम्प्ना ट्रेनर बाईंनी मला गाठले. गुडघे आणि खुबे आखडलेल्या लोकांसाठी त्या आपल्या स्वयंपाकघरातून ‘मोकळे पाय’ नावाचे त्रैमासिक काढतात. अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या विमानांतल्या प्रीमियम इकॉनॉमीची, आम्ही कारखान्यात जिला मधला वर्ग म्हणायचो तिची, तुलना कोणीतरी लिहायला हवी होती. साध्या वर्गात या माणसांचे पाय मावत नाहीत आणि पुढच्या महागड्या वर्गाची स्वप्नेही त्यांना पडत नाहीत.

मी लिहू लागलो. वकिलाची नोटीस नको म्हणून कंपन्यांची नावे द्यायची नाहीत, शेपटीच्या रंगावरून ओळखायचे, असा डिम्प्नाबाईंचा नियम होता. हिरवी, निळी, लाल. दोन खुर्च्यांमधले अंतर, पाठ किती अंश मागे जाते, हाताची पट्टी वर उचलते की नाही, पोटरीला आधार आहे की नाही, सगळे मी इंचांत मांडायचो. माझ्याजवळ जुने आराखडे होते आणि प्रवास करून आलेल्या वाचकांची पत्रे होती. मी कधी ‘मी बसलो’ असे लिहिले नाही. पण ‘मी बसलो नाही’ असेही लिहिले नाही. ‘या खुर्चीत पाठीला आराम वाटतो’ असे एक वाक्य मात्र माझ्या हातून तीन-चार वेळा गेले आहे.

सत्तावीस एप्रिलला, सोमवारी, डिम्प्नाबाईंचा फोन आला.

“वेस्ली, जिवंत आहात ना? उन्हाळी अंकाचा मजकूर कुठाय?”

“होतोय. निळ्या शेपटीचे आकडे पुन्हा तपासतोय.”

“तुमचं ते तपासणं! अंक छापून रद्दीत जाईल तोवर तुमचं तपासून होईल. ऐका, तुमच्यासाठी एक कार्ड आलंय माझ्या पत्त्यावर. वाचू का?”

“नको, पाठवा.”

“वाचतेच. लार्नच्या कोणी मिस गॉल्ट आहेत. म्हणतात, ‘ॲनेटसाहेबांना आमचे आभार कळवा. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे हिरव्या शेपटीची पहिली रांग घेतली. बारा मेला डब्लिनहून निघतोय. मी त्यांना नोव्हेंबरमध्ये पत्र लिहिलं होतं. काही अडचण असती तर त्यांच्यासारख्या माणसानं नक्की कळवलं असतं, म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. तिकीट देणाऱ्या मुलीनं विचारलं, पहिलीच रांग नक्की ना? मी म्हटलं, ॲनेटसाहेबांचं लिहिलेलं आहे.’ बघा! लोक किती विश्वास टाकतात तुमच्यावर. हॅलो? वेस्ली?”

“हो.”

“लाजलात होय?”

मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. मग मी शब्दकोश काढला आणि या वेळी उघडला.

बेचाळीस इंच. हा आकडा मी नोव्हेंबरमध्येही वाचला होता. पण तेव्हा मला त्या सहा शब्दांपुढे दुसरे काही दिसले नव्हते. मी हिरव्या शेपटीचा आराखडा टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार पुस्तके ठेवली. पहिली रांग, तिच्या समोर भिंत. आराखड्यात खुर्चीवर एक माणूस बसलेला असतो, बाजूने काढलेला, तोंड नसलेला. त्याच्या गुडघ्यापासून भिंतीपर्यंत पंधरा इंच. हेच पंधरा इंच मी माझ्या तुलनेत छापले होते, ‘गुडघ्यापुढे सर्वांत अधिक मोकळी जागा’ म्हणून. इतर रांगांत गुडघ्यापुढे जेमतेम आठ इंच आहेत.

त्या माणसाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. एकोणतीस वर्षे तो माझ्या टेबलावर होता. खुर्ची कुठलीही असो, कंपनी कुठलीही असो, माणूस तोच. आणि त्याचा गुडघा नेहमी वाकलेला. आमच्या सगळ्या कारखान्यात ताठ पायाचा माणूस कोणी कधी काढलाच नव्हता. चाचणीचे पुतळेसुद्धा गुडघ्यात वाकवूनच बसवलेले असत. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत अशा लोकांसाठी मी सहा वर्षे वाकलेल्या गुडघ्याची मापे छापत होतो.

पाठीपासून गुडघ्यापर्यंत चोवीस, पुढे पंधरा. पाठीपासून भिंतीपर्यंत एकोणचाळीस इंच. नेटाबाईंचा पाय बेचाळीस.

मी बेरीज पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली. मागच्या रांगांत समोर भिंत नसते, खुर्ची असते, आणि खुर्चीच्या खाली पोकळी असते, टाच तिथे जाऊ शकते. पहिल्या रांगेत टाच भिंतीलाच लागणार. पाय आडवा करून खुर्च्यांमधल्या ये-जा करायच्या वाटेत काढावा लागणार. आणि वाटेत पाय असताना विमान निघत नाही. दार लावायच्या आधी कर्मचारी येऊन बघतात. पाय आत घ्या म्हणतात. तो आत जात नसेल तर माणसाला उतरवतात. हे मी स्वतःच कोणत्यातरी पुस्तिकेत लिहिले होते.

मंगळवारी मी काही केले नाही. म्हणजे सात वेळा पत्र लिहायला बसलो आणि सात वेळा उठलो. पहिली रांग नको, हे मला आता कळले होते. पण कोणती हवी? पुन्हा आराखड्यावरून सांगायचे? मला माझ्या कोणत्याच आकड्याचा भरवसा उरला नव्हता. दूध घातलेला चहा तीनदा थंड झाला. बुधवारी मी फिरायला गेलो, आणि फिरत फिरत मॅलकी रूनीच्या शेडपर्यंत जाऊन परत आलो. गुरुवारी परत आलो नाही.

मॅलकी कारखान्यात चाचणी विभागात होता. खुर्च्या आदळायच्या, ओढायच्या, पेटवून बघायच्या, हे त्याचे काम. आता तो भावाच्या बोटीची जाळी शिवतो. आमच्या गावात कारखान्याने नाकारलेल्या खुर्च्या कुठेही सापडतात, न्हाव्याच्या दुकानात, बोटीच्या सुकाणूपाशी, फुटबॉल क्लबच्या व्हरांड्यात. मॅलकीच्या शेडमध्ये अशा दोन रांगा होत्या, एकामागे एक, प्रत्येकीत दोन खुर्च्या. धाग्याची छटा चुकली म्हणून परत आलेला हिरव्या शेपटीचा माल. त्याने त्या फळ्यांवर बरोबर अडतीस इंचांच्या अंतराने बसवल्या होत्या, विमानात असतात तशा. का, असे विचारले तर म्हणायचा, सवय.

“या या, प्रोफेसर,” तो जाळ्यावरून मान न उचलता म्हणाला. “आज वाचनालय बंद वाटतं?”

“मॅलकी, तुझ्याकडे एक काम आहे. मला एक पाय ताठ करायचाय.”

“एकच? तुमच्या चर्चमध्ये तर माणसं आख्खीच ताठ असतात.”

मी हसलो नाही, तेव्हा त्याने सुई खाली ठेवली. मी त्याला पत्र दिले. त्याने ते लांब धरून वाचले, ओठ हलवत. मग आराखडा पाहिला. मग माझ्याकडे.

“नोव्हेंबर?”

“हो.”

“आणि आज तीस एप्रिल.”

“हो.”

“बाईनं तुला एक साधा प्रश्न विचारला होता रे.”

“माहीत आहे मला.”

तो उठला. माशांच्या खोक्याची एक लांब फळी त्याने शोधून आणली आणि जाळ्याच्या दोऱ्याने माझ्या डाव्या पायाला मागून बांधली, कुल्ल्यापासून टाचेपर्यंत. दोरा आवळताना म्हणाला, “जास्त हलू नकोस, सुटला तर पुन्हा बांधायला मी काही नर्स नाही.” एक जुने दार त्याने पुढच्या रांगेसमोर उभे केले, पट्टीने एकोणचाळीस इंच मोजून, आणि त्याला दोन पिंपांचा टेकू दिला. मी खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून खाली बसलो. पाय पुढे केला. टाच दाराला लागली आणि पाठ खुर्चीपासून सुटली. पाठ टेकवायला गेलो तर पाय वर उचलला गेला. शेवटी मी कंबरेत पिळवटून पाय डावीकडे वाटेत काढला.

मॅलकीने एक खोके ढकलत आणले आणि फळीवर धाडकन आपटले.

“चिकन की पास्ता, साहेब?”

“मॅलकी, थट्टा नको.”

“साहेब, पाय आत घ्या. दार लावायचंय.”

“जात नाही आत.”

“कप्तान थांबलेत, साहेब. तीनशे माणसं थांबलीत.”

“जात नाही म्हणतो ना!”

“मग उतरावं लागेल आपल्याला,” तो म्हणाला. हे त्याने हसत हसतच सुरू केले होते, पण शेवटच्या शब्दापर्यंत त्याचे हसू गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर डब्लिनचा विमानतळ आला. मी तो कधी पाहिलेला नाही, तरी आला. दोन म्हाताऱ्या बहिणी, एकीच्या हातात काठी, दुसरीला काय चालले आहे ते ऐकू येत नाही, आणि हॅमिल्टनला मांडलेले टेबल.

“दुसरी रांग बघू,” मी म्हणालो.

दुसऱ्या रांगेत बसलो. पाय पुढे सरकवला आणि घोट्याशी काहीतरी आडवे आले. समोरच्या खुर्चीखालचा पायटेकू, पाय ठेवायचा दांडा.

“हा खटका कशासाठी, प्रोफेसर? तुझ्या पुस्तिकेत आहे.”

मला आठवेना. तो वाकला, खटका दाबला आणि दांडा वर मिटला. टाच समोरच्या खुर्चीखाली गेली. अजून गेली. पाठ टेकली. पहिल्यांदा माझी पाठ टेकली.

“हिरव्याचा मिटतो,” मॅलकी म्हणाला. “लाल शेपटीचा दांडा पक्का असतो, मिटत नाही. तिथं बाईचा पाय अडकला असता. आणि निळ्याला खुर्चीखाली डबा आहे, दोन्ही खुर्च्यांच्या. टीव्हीच्या पडद्याची ती वायरींची पेटी. टाच तिथंच थांबते.”

“निळ्याला मी पोटरीच्या आधारासाठी पूर्ण गुण दिलेत.”

“वाकणाऱ्या पोटरीला आधार तो. ताठ पोटरीला तो अडसर.”

“आणि हिरव्याला डबा?”

“आहे. पण एकच. खिडकीकडच्या खुर्चीखाली. तू आत्ता वाटेकडच्या खुर्चीवर बसलायस म्हणून घुसला पाय. तिकडे सरक, बघ.”

सरकायला मला पाच मिनिटे लागली. तिकडे टाच डब्यावर आपटली. परत वाटेकडे आलो, त्यालाही पाच मिनिटे. हे सगळे माझ्या चार पानांच्या तुलनेत कुठेच नव्हते. डबा हा शब्दच नव्हता.

“झालं? सोडू दोरा?” त्याने विचारले.

“नाही. त्यांना सात तास बसायचंय. मी निदान एक तास बसतो.”

तो जाळ्याकडे गेला. मी बसलो. पंधरा मिनिटांत मांडीखाली खुर्चीची कड रुतू लागली, कारण ताठ पाय खाली उतरतो तेव्हा मांडीचा सगळा भार त्या कडेवर येतो. मी त्याच्याकडून एक घोंगडी मागितली आणि घडी करून खाली घेतली, तेव्हा पाय उताराला लागला आणि कळ कमी झाली. हे मी चिठ्ठीवर लिहिले. बूट काढला तर इंचभर जागा मिळते, तेही लिहिले. मग लिहायला काही राहिले नाही. वर जाळी टांगलेली होती, पुढे खुर्चीची पाठ, बाजूला भिंत. हे शेड आहे, दार उघडे आहे, बाहेर बोटी दिसत आहेत, असे मी स्वतःला सांगत होतो, आणि दोन्ही हातांनी खुर्चीच्या पट्ट्या इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटे पांढरी पडली.

मॅलकीने ते पाहिले. उठून आला आणि माझ्या शेजारच्या, खिडकीकडच्या खुर्चीत बसला.

“मॅलकी,” मी म्हणालो, “मी यातल्या एकाही विमानात कधी बसलेलो नाही.”

“ठाऊक आहे.”

“म्हणजे?”

“अरे, तू कारखान्याचा जिना चढताना कठडा धरायचास. तू कुठला अटलांटिक ओलांडतोयस? आमच्या बायकोला, ब्रीदला तर तुझा पहिला लेख वाचूनच कळलं होतं. म्हणाली, या माणसानं जेवणाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. शेजारच्याच्या घोरण्याबद्दल नाही. मुतारीच्या रांगेबद्दल नाही. नुसते इंच.”

“सगळ्यांना ठाऊक होतं?”

“गावात. लार्नमध्ये नव्हतं.”

तो म्हणाला, “मला एक सांग. लाज कशाची वाटते तुला, बसला नाहीस याची की कळवलं नाहीस याची?”

“दोन्हींची.”

“पहिली सोड. ती कुणाला टोचत नाही.”

मग त्याने दोरा सोडला. पाय मोकळा झाला, तरी बराच वेळ वाकेना. उठताना मी म्हणालो, “पण हा माल आठ वर्षांपूर्वीचा. त्या विमानात अजून याच खुर्च्या असतील कशावरून? डबा हलवला असेल तर?”

“खुर्च्या पंधरा वर्षं टिकतात. कापड बदलतात फक्त.”

“पण नक्की?”

“नक्की मी कशाला सांगू? तू तसंच लिही. नक्की ठाऊक नाही, विचारून घ्या, म्हणून. आणि हे बघ, आधी रांग सांग, मग माफी माग. तुझी माफी वाचता वाचता बाईचं विमान सुटेल.”

निघताना तो दारापर्यंत आला. “आजपासून आठवडाभरात तिची एक ओळसुद्धा आली नाही, तर मी गाडी काढतो. लार्न दोन तास. आणि दारावरची बेल तू वाजवायची.”

शुक्रवारी मी लिहिले. पहिला कागद माफीनेच भरला आणि रांगेचा आकडा आला नाही. दुसऱ्यात माझी एकोणतीस वर्षे आली. तिसऱ्यात मी वाकलेल्या गुडघ्याच्या माणसाबद्दल दीड पान लिहिले, ते मला बरे वाटले, आणि बरे वाटले म्हणूनच फाडले. चौथ्या कागदावर मी हे लिहिले:

“प्रिय मिस गॉल्ट, पहिली रांग घेऊ नका. तिथे पाठीपासून भिंतीपर्यंत एकोणचाळीस इंच आहेत, तुमच्या बहिणीचा पाय बेचाळीस इंच आहे. तो मावणार नाही आणि त्यांना विमानातून उतरवण्याचा धोका आहे. दुसरी रांग घ्या, विमानाच्या उजव्या बाजूची वाटेकडची खुर्ची, म्हणजे उठताना डावा पाय सरळ वाटेत काढता येईल. समोरच्या खुर्चीखालचा दांडा खटका दाबला की मिटतो. उड्डाणापूर्वी तो मिटवून द्यायला सांगा. घोंगडीची घडी करून खाली घ्या. तिकीट देणाऱ्या मुलीला ‘जास्त जागा हवी’ असं सांगू नका, ‘गुडघा वाकत नाही’ असं सांगा, आणि त्या खुर्चीपुढे वायरींचा डबा नाही ना, हे कंपनीकडून विचारून घ्यायला लावा. मी हे आठ वर्षं जुन्या खुर्चीत, पायाला फळी बांधून, तासभर बसून पाहिलं आहे. विमानात नव्हे, एका शेडमध्ये.

तुम्ही नोव्हेंबरमध्ये विचारलं होतं त्याचं उत्तर असं, की मी त्या रांगेत कधीच बसलेलो नाही. अटलांटिकपार मी गेलेलो नाही. मी छापलेली जागा वाकणाऱ्या गुडघ्याची होती. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही होकार असा घेतला. तो होकार नव्हता, भित्रेपणा होता. मला क्षमा करा. दुसरी जागा मिळाली की, किंवा मिळाली नाही तरी, एक ओळ जरूर टाका. वेस्ली ॲनेट.”

पुढच्या अंकात छापायला हीच दुरुस्ती मी वेगळ्या कागदावर उतरवली आणि डिम्प्नाबाईंसाठी दुसऱ्या पाकिटात घातली. त्या मला काय म्हणतील याची भीती वाटायला हवी होती, पण त्या दिवशी तेवढी भीती शिल्लक नव्हती.

शनिवारी पोस्टाची खिडकी साडेबारापर्यंत असते. सोमवारी बँक हॉलिडे, टपाल निघत नाही. हे मला ठाऊक होते, तरी मी बारा वाजता, पोस्ट ज्या दुकानात आहे त्याच्या समोरून दोनदा पुढे गेलो. मनात आले, त्यांनी एव्हाना स्वतःच चौकशी केली असेल. मनात आले, दुसऱ्या रांगेतल्या जागा संपल्या असतील आणि माझ्या पत्राने फक्त त्यांची झोप जाईल. मनात आले, माझी बेरीज चुकली असेल. मी भिंतीशी उभा राहून चोवीस आणि पंधरा पुन्हा मिळवले. मग आत गेलो.

खिडकीपलीकडे पोस्टाच्या फायोना ऑर बाई होत्या. “ॲनेटसाहेब, आज वाट चुकलात?”

“एक साधं न्यूरीला. आणि हे लार्नला. सही घेऊन देतात, तसं पाठवायचंय.”

त्यांनी लार्नचे पाकीट तोलून पाहिले. “आत किमती काही? फुटणारं, धोक्याचं?”

“नाही. म्हणजे, पत्र आहे नुसतं.”

“मंगळवारी दुपारी एकच्या आत पोचेल.”

“आधी नाही?”

“सोमवारी सुट्टी, माहीत आहे ना? पाच तारीख म्हणजे लवकरच झालं की.”

पाच तारीख. मधे सात दिवस उरतात. मी मनात मोजले आणि पुन्हा मोजले. बाईंनी पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या करड्या पोत्याकडे वळवले.

“थांबा,” मी म्हणालो.

त्या थांबल्या. पाकीट त्यांच्या हातात होते. माझ्या मागे रांगेत कोणीतरी खाकरले.

“पत्ता बरोबर आहे ना, तेवढा एकदा वाचता का?”

“मिस आय. गॉल्ट, ग्लेनार्म रोड, लार्न. अक्षर तर छापल्यासारखं आहे तुमचं.”

“मग ठीक आहे,” मी म्हणालो.

त्यांनी ते पोत्यात टाकले. मला ते खाली पडल्याचा आवाज ऐकू आला. मी पावती घेतली, खिडकीची कड घट्ट धरली होती ती सोडली, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.